डागडुजीवरचा कर

इंग्लंडच्या लिंकनशायर काउंटीत अगदी दक्षिण टोकाला स्टॅमफर्ड नावाचे वीसेक हजार वस्तीचे गाव आहे. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे, नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या आणि थोड्या थोड्या अंतरावर उभी असलेली पाच मध्ययुगीन चर्च. पाहणाऱ्याला वाटते, किती रसिक माणसांनी हे जपले असेल! प्रत्यक्षात या देखणेपणामागे रसिकतेपेक्षा एका जमीनदार घराण्याचे राजकारण जास्त आहे.

गावाच्या उत्तरेला सामाईक शेतजमिनी होत्या. अशा जमिनींची वाटणी करून त्यांवर कुंपणे, कारखाने आणि घरे उभी करण्याचा सपाटा बाकीच्या इंग्लंडात केव्हाच सुरू झाला होता. स्टॅमफर्डमध्ये तो अडला. इतिहासकार याचे कारण शेजारच्या बर्ली हाउसच्या सेसिल घराण्यात शोधतात. गावाबाहेर नवी वस्ती झाली असती तर नवे मतदार आले असते आणि ते सेसिलांचे भाडेकरू नसते. मतदान तेव्हा उघड असे. गुप्त मतपत्रिका १८७२ साली आली. भाडेकरूने कोणाला मत द्यायचे हे त्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. पुढे पंतप्रधान झालेले लॉर्ड सॉल्सबरी, म्हणजे तेव्हाचे तरुण लॉर्ड रॉबर्ट सेसिल, १८५३ मध्ये इथूनच बिनविरोध संसदेत गेले. शेतांची वाटणी अखेर १८७० च्या दशकात झाली, तोवर उद्योगांनी आपापली गावे पकडली होती. लंडनहून उत्तरेकडे जाणारी मुख्य रेल्वेही पीटरबरोवरून गेली आणि घोडागाड्यांच्या मुक्कामावर जगणारे हे गाव आडबाजूला पडले. याचाही दोष लोक सेसिलांनाच देत आले आहेत. त्यातला दंतकथेचा भाग किती, तो वाद वेगळा.

नॉटिंगहॅमचीही सामाईक शेते १८४५ पर्यंत अशीच अडून राहिली होती. पण तिथे विणकामाचा धंदा जोरात होता, माणसे येतच राहिली आणि बाहेर जागा नसल्यामुळे गावाच्या पोटातच कोंबली गेली. त्यातून त्या काळच्या इंग्लंडातल्या सर्वांत वाईट म्हणाव्यात अशा झोपडवस्त्या झाल्या. अडवणूक दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे पैसा होता, दुसरीकडे नव्हता. सफोकमधल्या लॅव्हनहॅमचेही असेच. लोकरी कापडाचा धंदा सोळाव्या शतकात बसला, घरांना फॅशनप्रमाणे विटांचा नवा दर्शनी भाग चढवण्याइतकी ऐपत उरली नाही, म्हणून लाकडी सांगाड्यांची ती वाकडीतिकडी घरे तशीच राहिली. आज लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहायला जातात.

या गावांना गरिबीने वाचवले असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. नुसत्या गरिबीने घर पडते. पाडून नवे बांधायला पैसा नसलेल्या, पण गळके छप्पर शिवायला, कुजलेला दांडा बदलायला आणि भिंतीच्या सांध्यांतल्या फटी भरायला हाताशी गवंडी-सुतार असलेल्या लोकांनी ही गावे टिकवली. मोडले ते सांधायचे, एवढाच त्यांचा वारसाविचार. आज या गावांसाठी कायदा आहे, अधिकारी आहेत, नकाशावर आखलेल्या सीमा आहेत. सांधण्याची सोय मात्र कोणीच पाहत नाही, आणि माझे भांडण तेवढ्यावरच आहे.

कायद्याला आधी त्याचे श्रेय देतो, कारण तो मुळात शहाणा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात महत्त्वाच्या इमारतींची यादी होऊ लागली होती, पण ती सुट्या इमारतींची. यादीतले घर वाचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची साधी घरे पडून मध्ये पार्किंगचे मैदान होई. शिवाय यादीत असणे म्हणजे वाचणे असेही नव्हते. लंडनच्या यूस्टन स्थानकासमोरची प्रचंड कमान यादीत असूनही १९६१-६२ मध्ये पाडली गेली. त्या धक्क्याच्या वातावरणात डंकन सँडिस या खासदाराने एक खासगी विधेयक आणले. १९५७ साली ‘सिव्हिक ट्रस्ट’ ही संस्था काढणारे हेच सँडिस. विधेयकाचा १९६७ मध्ये कायदा झाला आणि ‘संवर्धन क्षेत्र’ ही कल्पना जन्माला आली. पहिले क्षेत्र जाहीर झाले ते स्टॅमफर्डचे, त्याच वर्षी. आता एकट्या इंग्लंडात अशी सुमारे १०,००० क्षेत्रे आहेत.

नवे होते ते असे की कायद्याने पहिल्यांदा घरांच्या मधल्या जागेकडे पाहिले. एकटे काढले तर सामान्य वाटणारे घर रांगेत असामान्य होते हे त्याने ओळखले. वास्तू किंवा इतिहासाच्या दृष्टीने खास महत्त्व असलेला आणि ज्याचे ‘स्वरूप किंवा रूप’ जपणे वा खुलवणे इष्ट आहे असा परिसर, अशी त्याची व्याख्या आहे. १९९० च्या कायद्यातही ती कायम राहिली. अशा क्षेत्रात यादीबाहेरचीही ११५ घनमीटरपेक्षा मोठी इमारत पाडायची तर सहसा परवानगी लागते. झाड तोडायचे किंवा छाटायचे तर सहा आठवडे आधी कळवावे लागते, आणि झाड म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ज्याचा बुंधा ७५ मिलिमीटरहून जाड आहे ते. इतका बारकावा.

पण हे सगळे नियम बदल थांबवणारे आहेत. पाडू नका, वाढवू नका, तोडू नका. आणि गाव काही एका दिवसात पाडले जात नाही. ते खिडकीखिडकीने जाते.

खिडक्यांचेच पाहा. जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या, घरांना वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या असतात. चौकटीच्या पोटात दोरीला टांगलेली वजने, बोटभर जाडीचे दांडे, किंचित लहरी काच. शंभर-दीडशे वर्षांनी खालची आडवी पट्टी कुजते आणि दोरी तुटते. सुतार कुजलेला तुकडा कापून नवा जोडतो, दोरी बदलतो, रंग देतो आणि खिडकी पुढच्या पिढीला मिळते. हे न करता पूर्ण खिडकीच उखडून पांढऱ्या प्लास्टिकची बसवली तर? घर यादीतले नसेल आणि तिथे एकच कुटुंब राहत असेल, तर संवर्धन क्षेत्रातही त्यासाठी बहुधा परवानगी लागत नाही. साहित्य दिसायला मूळच्यासारखे असावे अशी अट आहे खरी, पण प्लास्टिक विकणाऱ्यांच्या लेखी पांढरे ते पांढरे. स्थानिक परिषदेला हे रोखायचे असेल तर ‘अनुच्छेद ४’ खाली वेगळा आदेश काढून ही मोकळीक काढून घ्यावी लागते. पुष्कळ परिषदा ते करत नाहीत. मनुष्यबळ नसते आणि मतदार रागावतात. २००९ मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ या जुन्या वास्तूंची काळजी वाहणाऱ्या सरकारी संस्थेने संवर्धन क्षेत्रांची देशभर पाहणी केली. तिच्यात सर्वांत जास्त ठिकाणी आढळलेला धोका बुलडोझरचा नव्हता, विसंगत खिडक्या-दारांचा होता.

त्या घरमालकाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. त्याच्याकडे दोन भाव आलेले असतात. प्लास्टिकवाला आठवड्यात येतो, लेखी हमी देतो, हप्ते पाडून देतो. सुतार तीन महिने भेटत नाही, भेटला तर लाकूड उघडून पाहिल्याशिवाय आकडा सांगत नाही, आणि शेवटी जो आकडा येतो त्यावर सरकार २० टक्के मूल्यवर्धित कर लावते.

आता कराकडे येतो. ब्रिटनमध्ये नवे घर बांधणे या करातून शून्य दराने सुटते. आहे त्या घराची दुरुस्ती केली तर सर्वसाधारणपणे पूर्ण २० टक्के. नियोजन खाते म्हणते जुने ठेवा. कोषागार म्हणते ठेवा, पण त्याचा भुर्दंड भरा. एकाच सरकारची ही दोन तोंडे १९७३ पासून, म्हणजे हा कर आला तेव्हापासून, दोन दिशांना बोलत आहेत. २०१२ पर्यंत तर आणखी मजा होती. यादीतल्या इमारतीत मंजुरी घेऊन केलेल्या फेरबदलांवर कर शून्य आणि तिच्याच दुरुस्तीवर पूर्ण. जुनी खिडकी नीट करा, कर भरा. भिंत फोडून नवी जागा काढा, कर माफ. ही विसंगती सरकारने त्या वर्षी ऑक्टोबरात मिटवली. कशी? फेरबदलांवरही कर लावून.

याहून विलक्षण एक तरतूद आहे. घर दोन वर्षे रिकामे पडून असेल तर त्याच्या नूतनीकरणावरचा कर २० वरून ५ टक्क्यांवर येतो. ओसाड घरे पुन्हा वापरात यावीत हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण गावात राहणाऱ्याच्या जागेवरून पाहा. जो माणूस घरात राहतो, दर पावसाळी आठवड्यानंतर पन्हळ साफ करतो, निखळलेली फरशी त्याच महिन्यात बसवतो, त्याला पूर्ण कर. आणि ज्याने कुलूप लावून छप्पर दोन हिवाळे गळू दिले, त्याला सवलत. घराची आबाळ करणाऱ्याला बक्षीस आणि निगा राखणाऱ्याला दंड, अशी या नियमांची गोळाबेरीज होते.

जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जी संस्था काढली, तिच्या जाहीरनाम्यातला मूळ आग्रह हाच होता की इमारतीची झीज रोजच्या निगराणीने थोपवा, म्हणजे मोठ्या ‘जीर्णोद्धारा’ची वेळच येणार नाही. तो विचार आज सर्व संवर्धनवाल्यांना तोंडपाठ आहे. तो करप्रणालीत मात्र अजून पोचलेला नाही.

कर कमी करण्याविरुद्ध दोन युक्तिवाद होतात. पहिला, तिजोरीला खड्डा पडेल. पडेलच, पण आज जी कामे रोखीत, पावतीशिवाय होतात त्यांच्यावर तिजोरीला काय मिळते? २० टक्क्यांचा फरक म्हणजे प्रामाणिक कारागिराने पावती न देणाऱ्यापुढे दर वेळी हरायचे. आइल ऑफ मॅनमध्ये घरदुरुस्तीच्या कामांना ५ टक्के दर आहे आणि त्या बेटाचे अर्थकारण काही कोसळलेले नाही. दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: देखण्या जुन्या गावात घर असणारे लोक श्रीमंतच असतात, त्यांना सवलत कशाला? पण इंग्लंडातल्या साधारण पाचातल्या एका घराचे बांधकाम १९१९ पूर्वीचे आहे. त्यांत प्रासाद किती आणि दुकानावरच्या दोन खोल्या किती? सुटीपुरता गावात येणारा मालक २० टक्के भरतोच आणि त्याला ते जाणवतही नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला मात्र त्याच २० टक्क्यांमुळे गवंड्याऐवजी सिमेंटची पिशवी परवडते.

सिमेंटची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ‘स्वरूप’ ही हवेतली, अभिजनांच्या आवडीनिवडीची बाब आहे असे मानणाऱ्यांना तिच्यात उत्तर आहे. जुनी भिंत भरीव असते, आत पोकळी नसते आणि खाली ओल अडवणारा थरही बहुतेक वेळा नसतो. ती ओली होते आणि वाळते, होते आणि वाळते. दगडांच्या सांध्यांत चुना असतो, तो दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र. पाणी त्या वाटेने बाहेर पडते. हवामानाचा मार सांधा खातो, दगड वाचतो. पन्नास-शंभर वर्षांनी सांधे खरवडून पुन्हा चुना भरायचा, एवढेच काम. चुना हा भिंतीसाठी स्वतःला झिजवून घेणारा नोकर आहे म्हणा. त्याच्या जागी कडक सिमेंट भरले की वाट बंद होते. पाणी आता दगडातून बाहेर पडू पाहते, क्षार पृष्ठभागावर साठतात, लोणा लागतो, थंडीत पाणी गोठून दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली दिसते आणि दगड मागे खचलेले. आतल्या बाजूला ओल. मग ओलीवर जलरोधक रंग, त्यावर आणखी गिलावा, आणि शेवटी ‘हे जुने घर राहण्याजोगे नाही’ असा दाखला. रोगापेक्षा औषधानेच माणूस मारला, पण दाखल्यात नाव रोगाचे.

चुन्याची भिंत मऊ, मोतिया दिसते आणि सिमेंटची करडी, रेषारेषांची. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त रंगाचा फरक दिसतो आणि संवर्धनवाल्यांना नाके मुरडायची सवयच आहे असे त्याला वाटते. पण तो रंग म्हणजे भिंतीची प्रकृती आहे. या गावांत सौंदर्य आणि टिकाऊपणा ही दोन खाती नाहीत. म्हणून नुसता दर्शनी भाग जपण्याच्या धोरणाचा मला राग येतो. पुढची भिंत टेकूंवर उभी ठेवायची, मागचे सगळे पोखरून काँक्रीटची पेटी बसवायची आणि तिला संवर्धन म्हणायचे, हा नाटकाचा पडदा झाला.

आता विरोधकांकडे. संवर्धन क्षेत्र म्हणजे आधी घर मिळालेल्यांनी नंतर येणाऱ्यांसाठी दार लावून घेण्याची सोय, असे जे म्हटले जाते ते पुष्कळदा खरे आहे. चौकातली दगडी फरसबंदी उखडून डांबर ओतले तेव्हा गप्प बसलेली मंडळी, मागच्या रिकाम्या यार्डात सहा छोटी घरे येणार म्हटल्यावर ‘गावाचे स्वरूप’ घेऊन उठतात. इंग्लंडात घरांची टंचाई खरी आहे आणि तरुणांना या गावांत भाडेसुद्धा झेपत नाही. राष्ट्रीय नियोजन धोरणानेच बजावले आहे की खास महत्त्व नसलेल्या परिसरांना हा दर्जा देत सुटलात तर दर्जाच स्वस्त होईल. त्या १०,००० क्षेत्रांतली काही खुशाल रद्द करावीत असे माझे मत आहे. आणि कायदा गाव गोठवून ठेवायला सांगत नाही. १९९२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, साउथ लेकलँडच्या खटल्यात स्पष्ट केले की नव्या बांधकामाने परिसराला हानी होत नसेल तर त्याचे स्वरूप ‘जपले’ गेले असेच समजायचे. त्या यार्डात नवी घरे जरूर यावीत, आजच्या पद्धतीची यावीत. नकली जॉर्जियन खांबांपेक्षा चांगली साधी भिंत केव्हाही बरी. जुन्या रांगेत प्रत्येक शतकाने आपले घर बसवलेले असते. आपल्याच शतकाने तोंड लपवावे असे काय झाले आहे?

थंडीचा आक्षेपही खरा आहे. फटीतून वारा येणाऱ्या घरात हिवाळा काढणाऱ्याला इतिहास सांगू नये. पण इथेही दुरुस्ती हेच पहिले उत्तर आहे. खिडकीच्या फटी बुजवल्या, आतल्या बाजूने दुसरे तावदान बसवले, जाड पडदे लावले की उष्णता बरीच अडते आणि बाहेरून काही बदलत नाही. प्लास्टिकच्या खिडकीतल्या दुहेरी काचेची सीलबंद हवा काही वर्षांनी निकामी होते, काच आतून धुरकट होते, आणि चौकट बिघडली तर तिला सांधा घालता येत नाही, पूर्ण फेकावी लागते. दीडशे वर्षे टिकलेले लाकूड फेकून त्या जागी पंचवीस-तीस वर्षांची वस्तू आणणे पर्यावरणाच्या नावावर खपते, हे मला आजवर समजलेले नाही. मात्र संवर्धन अधिकाऱ्यांनी आतले तावदान किंवा अरुंद दुहेरी काच यांना सहा सहा महिने अडकवून ठेवणेही बंद करावे. अधिकारी तरी काय करणार म्हणा. २००६ पासून परिषदांमधली त्यांची संख्याच घटत गेली आहे.

माझी मागणी त्यामुळे उलट्या क्रमाची आहे. आधी दुरुस्तीवरचा कर ५ टक्क्यांवर आणा, घर यादीत असो वा नसो. मग चुन्याचे आणि लाकडाचे काम शिकवणाऱ्या उमेदवाऱ्यांना पैसा द्या. तिसरे म्हणजे प्रत्येक परिषदेने आपल्या क्षेत्रातल्या खिडक्या, दारे, छपरे यांच्यासाठी अनुच्छेद ४ चा आदेश काढावा, आणि त्याच दिवशी लोकांच्या हाती कारागिरांची यादी व अनुदानाचा अर्ज द्यावा. नुसता आदेश काढला आणि मदत दिली नाही तर लोक रात्रीतून खिडक्या बदलतील, आणि मी त्यांना फार दोष देणार नाही.

कारागिरी एकदा गेली की काय होते, याचा धडा स्टॅमफर्डच्याच डोक्यावर आहे. तिथली जुनी छपरे कॉलीवेस्टन या पाचसहा किलोमीटरवरच्या खेड्यातल्या दगडाची. त्याला स्लेट म्हणतात, पण तो चुनखडीच. थंडीत त्याचे ठोकळे खाणीतून काढून उघड्यावर मांडायचे, सुकू नयेत म्हणून पाणी शिंपडत राहायचे आणि कडाक्याच्या हिमाची वाट पाहायची. आतले पाणी गोठले की दगड पदरांनी सुटतो. मग हातोडीने अलगद उकलून पातळ फरश्या करायच्या. मोठ्या फरश्या खाली वळचणीला, वर वर जाताना लहान होत शेवटी आढ्याशी तळहाताएवढ्या. हिवाळे सौम्य झाले, खाणी बंद पडल्या, आणि कित्येक दशके या छपरांसाठी नवी फरशी मिळेनाशी झाली. एका घराचे छप्पर दुरुस्त करायचे तर दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या छपराच्या फरश्या उतरवून आणाव्या लागत, म्हणजे एकाला पांघरूण घालायला दुसऱ्याला उघडे करायचे.

नियम तेव्हाही होताच की छप्पर कॉलीवेस्टनचेच हवे. अडले होते ते दगडापाशी. शेवटी एपथॉर्पच्या जुन्या वाड्याचे छप्पर करताना इंग्लिश हेरिटेजने प्रयोग केला: ठोकळे मोठ्या शीतगृहात ठेवायचे, भिजवायचे, गोठवायचे, वितळू द्यायचे, पुन्हा गोठवायचे. दगड सुटला. त्यानंतर खाणकामही पुन्हा सुरू झाले आणि आता हिवाळ्याची वाट न पाहता, अगदी उन्हाळ्यातही, नव्या फरश्या निघतात.

त्या फरश्यांनी कोणी आपले गळके छप्पर नीट करून घेतले की बिलाच्या तळाशी २० टक्के लागतात.